रेस सोडली की कळतं

जुनी पेट्रोल गाडी घाट चढून गेली, एवढ्यावरून तिचं इंजिन ठणठणीत आहे असं समजू नये. पाय रेसवर असतो तेव्हा इंजिनाला हवा भरपूर मिळते, पेट्रोल भरपूर मिळतं, फ्लायव्हीलला गती असते. एखादा सिलिंडर कामचुकारपणा करत असला तरी उरलेले तीन त्याला ओढून नेतात. गाडी न्यूट्रलला उभी करून रेस सोडली की हा आधार संपतो. गिअरचा दांडा थरथरू लागतो, सीट हलते, सायलेन्सरमधून येणाऱ्या एकसारख्या आवाजातून मधूनच एक ठोका गळतो आणि सिग्नलवर उभी राहिलेली गाडी धापा टाकत बंद पडते. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग मारते’, ‘स्लो धरत नाही’.

अशा वेळी बहुतेकांचा पहिला हात कार्बोरेटरवर जातो. स्क्रू फिरवले जातात, जेट काढून फुंकले जातात, पार कार्बोरेटर बदललाही जातो. दोन दिवस बरे जातात आणि मिसिंग परत येतं. कारण स्लो बिघडण्याची निम्म्याहून अधिक कारणं कार्बोरेटरच्या बाहेर असतात: ठिणगीत, वॉल्वमध्ये, एखाद्या फाटक्या नळीत. ती तशीच ठेवून कार्बोरेटर फिरवला की मूळ दोष झाकला जातो आणि वर दुसरा तयार होतो. म्हणून या लेखाचा आग्रह एकच आहे: क्रम पाळा. आधी दोष कोणत्या सिलिंडरात आहे ते शोधा, मग ठिणगी, मग चोरटी हवा, मग टॅपेट आणि कॉम्प्रेशन. कार्बोरेटर सगळ्यात शेवटी.

ट्रक आणि त्याचं इंजिन

उदाहरणासाठी आपल्या मातीशी नातं असलेलं एक इंजिन घेऊ. विलिस कंपनीची जीप मुंबईत जोडायला महिंद्रानं स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत सुरुवात केली. त्याच घराण्यातला एक छोटा ट्रक म्हणजे एफसी-१५०. अमेरिकेत तो १९५७च्या मॉडेलचा म्हणून बाजारात आला. तिथलं उत्पादन साठच्या दशकाच्या मध्यावर थांबलं आणि त्याच सुमारास तो महिंद्रानं भारतात आणला. नाक नसलेला, चपट्या तोंडाचा, चारही चाकांना ताकद देणारा हा ट्रक. ड्रायव्हरची केबिन थेट इंजिनावर बसवलेली असल्यामुळे दोन सीटांच्या मध्ये एक मोठं झाकण असतं. ते उचललं की इंजिन समोर दिसतं.

हे इंजिन चार सिलिंडरचं, २१९९ घन सेंटिमीटरचं, सुमारे ७५ अश्वशक्तीचं, नाव हरिकेन. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचं इंजिन सुधारून ते बनवलं गेलं. त्याची रचना मजेशीर आहे. हवा-पेट्रोल आत घेणारे इनलेट वॉल्व वर हेडमध्ये आहेत, तर जळालेला वायू बाहेर सोडणारे एक्झॉस्ट वॉल्व खाली ब्लॉकमध्ये. आणखी एक वेगळेपण म्हणजे इनलेट मॅनिफोल्ड हा वेगळा भाग नाही, तो हेडच्याच ओतकामात आहे. कार्बोरेटर सरळ हेडवर बसतो. इतर गाड्यांत इनलेट मॅनिफोल्डचं पॅकिंग हवा घेऊ लागलं की स्लो बिघडतो. इथे ते पॅकिंगच नाही, त्यामुळे संशयितांच्या यादीतलं एक नाव आपोआप कमी होतं. स्वतःच्या इंजिनाची रचना आधी समजून घ्यायची ती अशासाठी.

पुढची पद्धत मात्र याच इंजिनापुरती नाही. जुनी जीप असो, लष्कराच्या लिलावातून आलेली जोंगा असो किंवा जुनी अॅम्बॅसेडर, कार्बोरेटर आणि पॉइंट असलेल्या कुठल्याही इंजिनाला ती लागू पडते. फक्त आकडे त्या त्या गाडीच्या पुस्तकातून घ्यायचे.

स्लोवर इंजिनात काय चाललेलं असतं

हे इंजिन स्लोवर मिनिटाला सुमारे ६०० फेरे घेतं. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी पडते, म्हणजे प्रत्येक सिलिंडर सेकंदाला पाच वेळा पेटतो. चौघांचे मिळून सेकंदाला वीस ठोके. एक सिलिंडर बंद असेल तर विसांतले पाच ठोके गळतात आणि ते हाताला, कानाला सहज कळतात. दोन हजार फेऱ्यांवर तोच दोष आवाजात बुडून जातो.

दुसरी गोष्ट हवेची. रेस सोडलेली असताना कार्बोरेटरचं बटरफ्लाय जवळजवळ बंद असतं आणि पिस्टन खाली जाताना मॅनिफोल्डमध्ये जोरदार व्हॅक्यूम तयार होतो. थोडा हिशेब करून पाहू. ६०० फेऱ्यांना हे इंजिन मिनिटाला ६६० लिटर जागा मोकळी करतं. पण मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या दाबाच्या साधारण एक तृतीयांश असल्यामुळे प्रत्यक्षात बाहेरची हवा सव्वादोनशे लिटरच्या आसपासच आत येते. एखाद्या फटीतून मिनिटाला वीस लिटर हवा चोरून आत शिरली, तर ती एकूण हवेच्या जवळजवळ दहा टक्के होते आणि मिश्रण पातळ पडतं. पूर्ण रेसवर दोन हजार फेऱ्यांना हेच इंजिन सतराशे-अठराशे लिटर हवा घेतं आणि व्हॅक्यूमही फारसा उरत नाही, म्हणून तीच फट तिथे जाणवतही नाही. गाडी रनिंगला छान आणि स्लोला वाईट का, याचं उत्तर या हिशेबात आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे स्लोवर सिलिंडरमध्ये मागच्या फेरीचा जळालेला वायू मोठ्या प्रमाणात मागे राहतो. ताजं मिश्रण त्यात मिसळून दुबळं होतं आणि पेटायला अवघड जातं. त्यामुळे किंचित कमजोर ठिणगी, किंचित गळका वॉल्व, किंचित पातळ मिश्रण यांतलं प्रत्येक कारण स्लोवर आपला हिशेब मागतं.

झाकण उचलण्याआधी

पान्हा हातात घेण्याआधी काही प्रश्न विचारायचे. मिसिंग थंड इंजिनावर आहे की गरम झाल्यावर? थंडीत खराब आणि गरम झाल्यावर ठीक असेल, तर चोक किंवा पातळ मिश्रण. थंडीत ठीक आणि गरम झाल्यावर खराब असेल, तर घट्ट झालेले टॅपेट, गरम झाल्यावर दम सोडणारी कॉइल किंवा कंडेन्सर, नाहीतर उष्णतेनं कार्बोरेटरमध्येच उकळणारं पेट्रोल. या ट्रकचं इंजिन डब्यात कोंडलेलं असल्यामुळे उन्हाळ्यात शेवटचं कारण विसरू नये. मिसिंग पावसानंतर सुरू झालं का? कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत डेल्कोच्या, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरच्या, झाकणात ओल बसते आणि ठिणगी भलत्या वाटेनं जाते. पेट्रोल भरल्यानंतर सुरू झालं का? कुणी काही दुरुस्ती केल्यानंतर? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर तपास तिथूनच सुरू करावा.

मग इंजिनाचं माउंटिंग पाहायचं. जुनं रबर कडक होऊन तडकतं आणि इंजिन चौघांवर नीट चालत असूनही सगळी केबिन हलते. सायलेन्सरच्या तोंडाशी जाऊन ऐकलं तर फरक कळतो: ठोके एकसारखे असतील तर दोष रबराचा.

तिथेच आणखी एक जुनी परीक्षा करता येते. कागदाची पट्टी सायलेन्सरच्या तोंडापासून दोन-तीन बोटांवर धरायची. निरोगी इंजिन तिला एकसारखं बाहेर ढकलत राहतं. मधूनच ढकल हुकते तेव्हा कुठला तरी सिलिंडर पेटत नाही. पट्टी मधूनच आत ओढली जात असेल, तर एक्झॉस्ट वॉल्व नीट बसत नसल्याची दाट शंका घ्यावी.

हे सगळं उघड्यावर करायचं. एक्झॉस्टच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही आणि जीव घेतो. केबिनमध्येच इंजिन असलेल्या ट्रकमध्ये तर दुप्पट काळजी हवी. पेट्रोलचा थेंबही गळत असेल तर आधी ती गळती बंद करायची आणि आग विझवण्याचं सिलिंडर हाताशी ठेवायचं.

कोणता सिलिंडर?

आता इंजिन गरम करून एकेका सिलिंडरची ठिणगी तोडायची. लाकडी किंवा प्लॅस्टिक मुठीचा कोरडा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा. पातं आधी इंजिनाच्या लोखंडाला टेकवायचं आणि मग हळूच प्लगच्या टोकाकडे झुकवायचं, म्हणजे वीज प्लगमध्ये न जाता बॉडीला जाते. क्रम उलटा झाला तर झटका बसतो. प्लगवर रबरी टोपी असेल तर वायर इन्सुलेटेड पकडीनं काढून तिचं टोक बॉडीला लावून ठेवायचं. वायर हवेत लोंबकळत ठेवली तर ठिणगी वाट शोधत कॉइलच्या आतच फुटू शकते.

चांगल्या सिलिंडरची ठिणगी तोडली की इंजिन लगेच खाली बसतं. ज्याची तोडल्यावर काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच झोपलेला. रेडिएटरकडून मोजत त्याचा नंबर लिहून ठेवायचा. या एका परीक्षेनं तपासाचा रस्ता ठरतो. एकच सिलिंडर दोषी असेल, तर कारण त्याच्यापुरतं असतं: त्याचा प्लग, वायर, टॅपेट किंवा वॉल्व. शेजारचे दोन दोषी असतील तर त्यांच्यामधलं हेड पॅकिंग उडालेलं असू शकतं. कुठलाच एक ठरत नाही आणि मिसिंग इकडून तिकडे फिरत राहतं, तर कारण चौघांना समाईक असणार: पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, चोरटी हवा किंवा कार्बोरेटर. ज्यानं ही दहा मिनिटं वाचवली, त्याचा पुढे आख्खा दिवस जातो.

ठिणगी

प्लग काढण्याआधी इंजिन काही वेळ स्लोवरच चालू ठेवून तिथूनच बंद करायचं. रस्त्यावर पळवून आणून काढलेला प्लग रस्त्याचं सांगतो, स्लोचं सांगत नाही. टोक तपकिरी किंवा करडं असेल तर उत्तम. कोरडी मऊ काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. चिकट, ओला काळा थर म्हणजे रिंग किंवा वॉल्व गाइडमधून ऑइल येतंय. पांढरं फटक म्हणजे मिश्रण पातळ. पेट्रोलनं ओला पण स्वच्छ म्हणजे ठिणगीच पडत नाही. चारही प्लग त्यांच्या नंबरानं ओळीत मांडून ठेवायचे, कारण त्यांच्यातला फरकच खूप काही सांगतो. गॅप ०.०३० इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटर.

मग डेल्को. झाकण आतून उजेडात धरून पाहायचं. पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दिसली, तर ती विजेनं स्वतःसाठी पाडलेली पायवाट आहे. पुसून ती जात नाही; झाकण बदलावं लागतं. रोटरचं टोक, झाकणाच्या मध्यावरचं कार्बनचं बोंड, वायर बसतात ती भोकं हेही पाहायचं. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून पाहिलं तर फाटक्या वायरींतून निसटणारी निळसर ठिणगी नुसत्या डोळ्यांना दिसते.

सीबी पॉइंटची तोंडं स्वच्छ आणि समोरासमोर टेकणारी हवीत. एका बाजूला खड्डा आणि दुसरीकडे उंचवटा असेल तर कंडेन्सर तपासायचा. गॅप ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर. फिलर गेज किंचित अडखळत सरकलं पाहिजे. गॅप लावताना आणखी एक करायचं: डेल्कोचा शाफ्ट बोटांनी आडवा हलवून पाहायचा. बुश झिजला असेल तर शाफ्ट डुलतो, प्रत्येक फेरीत पॉइंट वेगवेगळा उघडतो, आणि कितीही मन लावून लावलेला गॅप स्लोवर टिकत नाही. फिरत्या, पकडीत न येणाऱ्या मिसिंगचं हे फार जुनं कारण आहे. कुणी नवे पॉइंट टाकत बसतं, कुणी नवा कार्बोरेटर, आणि खरी गरज असते ती एका बुशची.

पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंग बदलतं, म्हणून टायमिंग त्यानंतरच लावायचं. या इंजिनाला ते पिस्टन अगदी वर येण्याआधी ५ अंश असतं आणि पेटण्याचा क्रम १-३-४-२.

चोरटी हवा

ठिणगी चोख असूनही मिसिंग उरलं तर फट शोधायची. इंजिन स्लोवर ठेवून चोक हातानं थोडा बंद करायचा. इंजिन सुधारलं तर मिश्रण पातळ आहे: कुठूनतरी हवा शिरते आहे किंवा कार्बोरेटरचा स्लो जेट तुंबला आहे. इंजिन आणखी बिघडलं तर मिश्रण आधीच जाड आहे आणि फट शोधण्यात अर्थ नाही.

पातळ ठरलं तर संशयित जागा मोजक्याच. कार्बोरेटरच्या बुडाचं पॅकिंग, वायपरची नळी, पीसीव्ही वॉल्व आणि बटरफ्लायचा शाफ्ट. पॅकिंगच्या कडेनं तेलाच्या कुपीतून थोडं जाड ऑइल सोडायचं. ज्या क्षणी आवाज बदलतो तिथे फट. काही जण यासाठी पेट्रोल किंवा क्लीनरचा फवारा मारतात. गरम एक्झॉस्टशेजारी, तेही केबिनमध्ये, हे करू नये.

पीसीव्ही वॉल्वचं काम क्रँककेसमधली वाफ परत इंजिनात ओढून जाळणं. स्लोवर त्यानं जवळजवळ मिटून थोडीच हवा सोडायची असते. चिकट मळानं तो उघडा अडकला की हवेचा मोठा दरवाजाच उघडा राहतो. त्याची नळी चिमटीत दाबून पाहा. इंजिन किंचित बदललं तर ठीक. एकदम सुधारलं तर वॉल्व काढून धुवा. मोकळा वॉल्व हलवल्यावर खुळखुळतो.

वायपर व्हॅक्यूमवर चालणाऱ्या गाड्यांत पेट्रोल पंपालाच व्हॅक्यूमचा एक जास्तीचा कप्पा जोडलेला असतो. त्याचा पडदा फाटला की हवा तर शिरतेच, शिवाय पंपाच्या बाजूनं ऑइल ओढलं जाऊन सायलेन्सरमधून निळा धूर येतो. लोक रिंग गेल्या म्हणून इंजिन उतरवायला निघतात आणि दोष पंपात असतो. पंपाचा पेट्रोलकडचा पडदा फाटला तर उलट पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची काडी बाहेर काढून वास घ्यायचा. पेट्रोलचा वास आला, ऑइल पातळ लागलं किंवा पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर इंजिन तिथेच बंद करायचं; पंप दुरुस्त करून ऑइल बदलल्याशिवाय चालू करायचं नाही.

व्हॅक्यूम गेज हे स्वस्त आणि बोलकं साधन आहे. निरोगी इंजिनावर काटा समुद्रसपाटीला साधारण १८ ते २१ इंचांवर स्थिर राहतो. स्थिर पण खाली असेल तर टायमिंग मागे किंवा मोठी फट. ठरावीक लयीत टुणकन खाली पडत असेल तर एखादा वॉल्व गळतोय. मंद डुलत असेल तर मिश्रण. स्लोवर भराभर थरथरून रेस दिल्यावर शांत होत असेल तर वॉल्व गाइड सैल. मात्र आकडा वाचताना गाव लक्षात घ्यायचं. दर हजार फुटांना वाचन सुमारे एक इंचानं उतरतं. मुंबईत २० दाखवणारं इंजिन पुण्यात १८ आणि महाबळेश्वरात साडेपंधरा दाखवेल, आणि त्यात इंजिनाचा दोष काहीच नाही.

टॅपेट, वॉल्व, कॉम्प्रेशन

दोषी सिलिंडराला नवा प्लग, चांगली वायर देऊनही तो जागा होत नसेल, तर तो दाबच धरत नसणार. आधी टॅपेट. थंड इंजिनावर इनलेटला ०.०१८ इंच आणि एक्झॉस्टला ०.०१६ इंच. इनलेटचे टॅपेट वर रॉकरच्या झाकणाखाली सहज मिळतात. एक्झॉस्टचे ब्लॉकच्या कुशीत, बाजूच्या झाकणामागे असतात आणि या ट्रकमध्ये तिथे हात घालणं कष्टाचं असतं. म्हणून कित्येक गाड्यांत वरचे टॅपेट दरवेळी लावले जातात आणि खालचे वर्षानुवर्षं तसेच राहतात. दुर्दैवानं घट्ट होतात ते खालचेच.

त्यामागे एक इतिहास आहे. पूर्वीच्या पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग असायचं आणि त्याचा पातळ थर एक्झॉस्ट वॉल्वच्या सीटचं रक्षण करायचा. २००० साली देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. ते आवश्यकच होतं. शिसं मुलांच्या मेंदूला घातक आहे. पण मऊ सीट असलेल्या जुन्या इंजिनांत वॉल्व हळूहळू सीटमध्ये रुतू लागले. वॉल्व रुतला की टॅपेटची फट मिटत जाते, वॉल्व पूर्ण बसेनासा होतो, गरम वायू त्याच्या कडेनं सुटत राहतो आणि कड जळते. लक्षणांची सुरुवात असते गरम झाल्यावर बिघडणारा स्लो. त्याच टप्प्यावर टॅपेट मोकळे केले तर वॉल्व वाचतो.

कॉम्प्रेशन पाहताना चारही प्लग काढून, कॉइलची वायर बॉडीला लावून, रेस पूर्ण उघडी ठेवून स्टार्टर मारायचा. एकूण आकड्यापेक्षा चौघांतला फरक पाहायचा. तो दहा पौंडांच्या आत हवा. जो कमी आहे त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. दाब वाढला तर रिंग झिजल्या, नाही वाढला तर वॉल्व किंवा हेड पॅकिंग. इथे दोष सापडला तर कार्बोरेटरचा विषयच संपतो. दाब नसलेल्या सिलिंडराला जगातला कुठलाही कार्बोरेटर चालवू शकत नाही.

आता कार्बोरेटर

एवढं सगळं पार करून आलेलं मिसिंग कार्बोरेटरचं. मूळ इंजिनावर कार्टर कंपनीचा एका नळीचा वायएफ कार्बोरेटर असायचा. आज कित्येक गाड्यांवर दुसरेच बसवलेले दिसतात. तत्त्व मात्र तेच. फ्लोटच्या भांड्यात पेट्रोलची पातळी कायम राहते, तिथून रनिंगची वाट वेगळी आणि स्लोची वेगळी. स्लोचं पेट्रोल एका अतिबारीक जेटमधून येतं आणि बटरफ्लायच्या खालच्या छिद्रातून बाहेर पडतं. या जेटमध्ये गंजाचा एक कण अडकला की गाडी रनिंगला उत्तम आणि स्लोला बंद. जेट काढून क्लीनर आणि दाबाच्या हवेनं साफ करायचा. तारेनं कधीच टोकरायचा नाही, कारण भोक किंचित मोठं झालं तरी कायमचं बिघडतं.

फ्लोट हलवून पाहायचा. आत पेट्रोल खळखळलं तर तो भोक पडून जड झाला आहे, पातळी वाढते आहे आणि गाडी ‘ओव्हर’ होते आहे. सुई आणि सीट घासली असेल तरी तेच. बटरफ्लायचा शाफ्ट भोकात डुलत असेल तर भोकात बुश बसवून घ्यावा लागतो; स्क्रू फिरवून तो दोष जात नाही.

सेटिंग करताना इंजिन पूर्ण गरम आणि चोक पूर्ण उघडा हवा. मिक्श्चर स्क्रू हलक्या बोटानं टेकेपर्यंत आत घ्यायचा आणि दीड फेरा बाहेर आणायचा. जोरानं आवळला तर त्याच्या निमुळत्या टोकावर खाच पडते आणि मग तो कुठेच नीट लागत नाही. इंजिन चालू करून पाव-पाव फेऱ्यानं फिरवत सगळ्यात जास्त आणि गुळगुळीत फेरे मिळतील तिथे थांबायचं, मग दुसऱ्या स्क्रूनं वेग ६००वर आणायचा आणि पुन्हा एकदा मिक्श्चर पाहायचं. व्हॅक्यूम गेज असेल तर काटा जिथे सर्वात वर आणि स्थिर, तीच जागा.

मिक्श्चर स्क्रू पूर्ण आत घेतला तरी इंजिन बंद पडत नसेल, तर त्याचा अर्थ नीट समजून घ्या. पेट्रोल स्लोच्या वाटेनं येतच नाही. बटरफ्लाय जास्त उघडं ठेवून ते दुसऱ्या वाटेनं ओढलं जातंय. कुणीतरी मूळ दोष न काढता वेगाचा स्क्रू आवळून ठेवलेला असतो.

पेट्रोल बदललं, पीयूसी आहेच

आज पंपावर मिळणारं पेट्रोल या इंजिनाच्या जन्मकाळचं नाही. २०२५पर्यंत देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल रुळलं. त्यातलं बरंच इथेनॉल आपल्याच साखर कारखान्यांतून येतं. साध्या पेट्रोलच्या एका भागाला जळायला सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर इथेनॉलला फक्त नऊ. वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे जुन्या जेटच्या मापानं येणारं पेट्रोल आता आपोआप पातळ पडतं, आणि ते सर्वांत आधी स्लोवर जाणवतं. बहुतेक वेळा मिक्श्चर स्क्रू थोडा बाहेर घेऊन हे भरून काढता येतं.

इथेनॉलचा दुसरा त्रास पाण्याचा. ते हवेतला ओलावा शोषतं आणि प्रमाणाबाहेर पाणी झालं की पाणी-इथेनॉलचा थर पेट्रोलपासून वेगळा होऊन तळाशी बसतो. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या ट्रकच्या टाकीत आणि फ्लोटच्या भांड्यात नेमकं हेच घडतं. भांड्याच्या तळाशी पांढरी भुकटी दिसते. जुन्या रबरी नळ्या आणि पडदेही इथेनॉलनं फुगतात. म्हणून नळ्या आणि पंपाचे पडदे इथेनॉल सोसणारे घ्यावेत, टाकी आणि भांडं रिकामं करून गाडी उभी करावी, आणि पेट्रोल जुनं झाल्याची शंका आली तर ताज्या पेट्रोलची बाटली लावून परीक्षा घ्यावी.

पीयूसी केंद्राकडे आपण दंड चुकवायला जातो. पण अशा जुन्या पेट्रोल गाडीची तिथली तपासणी स्लोवरच होते आणि त्या कागदावर दोन उपयोगी आकडे असतात: कार्बन मोनॉक्साइडचे टक्के आणि न जळालेल्या हायड्रोकार्बनचं प्रमाण. या ट्रकच्या काळातल्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. तो आकडा जास्त असेल तर मिश्रण जाड. तो कमी आणि हायड्रोकार्बन मात्र भरमसाट असेल, तर पेट्रोल न पेटताच बाहेर पडतंय: ठिणगी चुकते आहे किंवा मिश्रण फार पातळ आहे. म्हणजे कार्बोरेटरकडे वळायचं की डेल्कोकडे, हे तो कागदच सांगतो.

वही ठेवा

या ट्रकांची नाडी ओळखणारे मिस्त्री आता थकले. ते हे शास्त्र पुस्तकातून नाही, कानानं आणि बोटांनी शिकले, आणि त्यातलं फार थोडं लिहिलं गेलं. ते टिकवायचं असेल तर प्रत्येक जुन्या गाडीबरोबर एक वही असली पाहिजे: चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, व्हॅक्यूमचा आकडा आणि गाव, टॅपेट आणि पॉइंट कधी लावले, मिक्श्चर स्क्रू किती फेरे बाहेर आहे. आणि एक शिस्त: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, परिणाम पाहायचा, लिहायचा, मगच पुढची. तीन गोष्टी एकदम बदलून गाडी सुधारली तर कशानं सुधारली ते कुणालाच कळत नाही, आणि बिघडली तर परतीची वाट सापडत नाही.

साठ वर्षांपूर्वीच्या या इंजिनात असा एकही भाग नाही जो घरच्या अंगणात, साध्या हत्यारांनी, थोड्या धीरानं तपासता येणार नाही. ते सेन्सरमागे लपत नाही. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं सरळ उत्तर देतं. आपण फक्त प्रश्न योग्य क्रमानं विचारायचे आणि स्क्रू ड्रायव्हर कार्बोरेटरकडे नेण्याआधी तो एकदा प्रत्येक प्लगकडे न्यायचा.